आणि घोडा?

बापूमामा सिनेमा मध्यंतरापासून बघतात.

उशीर होतो म्हणून नव्हे. आमच्या घराण्यात उशीर करण्याचं खातं माझ्याकडे आहे. मामा अगदी वेळेवर टीव्हीसमोर बसतात, चष्मा बनियनच्या टोकाला पुसतात, रिमोट उचलतात आणि सिनेमा पळवत पळवत मध्यावर आणून सोडतात. तिथून पुढं मात्र पापणी लवू देत नाहीत. मध्येच कोणी बोललं, तर “आपण बाहेर जाऊन बोलता का? बाहेर पुष्कळ जागा आहे, पार कात्रजपर्यंत,” असं विचारतात. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की बिबवेवाडीत शिरतानाच माझा आवाज आपोआप खाली येतो.

सिनेमाही कुठलाही चालत नाही. राजेरजवाड्यांच्या काळातला, किल्ल्यांचा, तलवारींचा लागतो. आणि तोही जुना. मामांच्या मते अशा सिनेमांच्या जाती तीन. लोखंडी कपड्यांचे, बुरख्यांचे आणि आपले. लोखंडी कपड्यांचे म्हणजे इंग्रजी. त्यात माणसं डोक्यावर बादली घालून, भाले रोखून एकमेकांवर धावतात आणि संध्याकाळी लांबलचक टेबलाशी बसून मांसाचे लचके तोडतात. बुरख्यांचे म्हणजे हिंदी. त्यात राजपुत्र डोळ्यांवर दोन भोकांची पट्टी बांधतो आणि जन्म दिलेली आईसुद्धा त्याला ओळखत नाही. आपले म्हणजे मराठी. त्यात लढाईपेक्षा लढाईवरची भाषणं जास्त.

जात कुठलीही असो, शेवट ठरलेला. दुष्ट सरदार बुरुजावरून आरोळी ठोकत खाली येतो, तुताऱ्या वाजतात, राजपुत्राच्या डोक्यावर मुकुट चढतो, राजकन्या लाजते. आणि त्या मंगल क्षणी बापूमामा पडद्याकडे बोट रोखून विचारतात, “आणि घोडा?”

हा घोडा समजून घेतला पाहिजे. मध्यंतराच्या जरा आधी, तलवारीच्या जवळजवळ प्रत्येक सिनेमात, नायक दिवेलागणीला किल्ल्याखाली पोचतो. घोडा झाडाला बांधतो, मानेवर थाप मारतो, कानात काहीतरी सांगतो आणि दोर टाकून तट चढून जातो. मध्यंतर. वडे. त्यानंतर तो आत लढतो, प्रेम करतो, राज्य मिळवतो. घोड्याकडे परत कोणी जात नाही.

“तो अजून तिथंच आहे,” मामा म्हणतात. “खोगीरसुद्धा उतरवलेलं नाही. आणि तुम्ही टाळ्या वाजवा.”

गेल्या गणपतीत त्यांच्या सोसायटीनं पार्किंगमध्ये पडदा लावून एक बुरख्याचा सिनेमा दाखवला. मामा स्वतःची खुर्ची घेऊन बरोबर मध्यंतराला खाली उतरले. सिनेमा संपला, टाळ्या पडल्या आणि मामा उभे राहिले.

“आणि घोडा?”

चेअरमन दचकले. “कुठला घोडा, काका?”

“ओढ्याकाठी बांधलेला.”

“अहो, पण ते मध्यंतराच्या आधी होतं. तुम्ही तर नंतर आलात.”

“आपण पहिल्यापासून होतात ना? मग आपल्याला माहीत असायला हवं.”

चेअरमननी घाईघाईनं खिरापत वाटायला घेतली.

नात्यातल्या एका लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरदेव घोडीवरून कार्यालयाच्या दारात उतरला, ओवाळून घेऊन आत गेला, वऱ्हाड त्याच्यामागून आत गेलं. पंगत बसली तरी मामांचा पत्ता नाही, म्हणून मला शोधायला पाठवण्यात आलं. अशा कामांसाठी जावई उपयोगी पडतात. मामा कार्यालयाच्या मागच्या बोळात घोडीसमोर उभे होते. स्वयंपाकघरातून मागून आणलेला गुळाचा खडा हातात. घोडीवाला जरा लांब फोनवर कोणाशी तरी भांडत होता.

“मामा, चला जेवायला. मठ्ठा संपेल.”

“नवरा गेला आत,” मामा म्हणाले. “हिला कोणी विचारलं?”

“तिला तिचा मालक आहे की, मामा.”

“मालक आहे म्हणूनच म्हणतोय.”

मठ्ठा खरोखरच संपला. मला लग्नातलं तेवढंच आवडतं.

मामा पूर्वी असे नव्हते. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, पंच्याहत्तरी ओलांडलेला, वरणात मीठ कमी असेल तर नुसतं भुवईनं सांगणारा सरळ माणूस. दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या, तेव्हापासून हे सुरू झालं.

गेल्या म्हणजे तशा नव्हे. सदाशिव पेठेत गेल्या.

तिथं त्यांची मुलगी विद्या राहते. मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बिबवेवाडीतली लिफ्ट बंद होती, म्हणून थोडे दिवस लेकीकडे. गुडघा बरा झाला. लिफ्ट सुरू झाली. मामी आल्या नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही, विद्या “बाबा, तुम्हीही या” म्हणाली तर मामांचा अभिमान आड आला, आणि मामींनी काही आग्रह केला नाही. घराण्यानं या प्रकाराला एक सोयीचं वाक्य शोधलं: “मामी सध्या विद्याकडे असतात.” या ‘सध्या’त दोन दिवाळ्या बसल्या.

मामा रोज सकाळी फोन करत. “कधी येतेस?” मामी म्हणत, “बघू.” ज्यानं आयुष्यभर कचेरीत येणाऱ्याजाणाऱ्याला ‘बघू’ ऐकवलं, त्याला ‘बघू’चा अर्थ कळायला वेळ लागत नाही. शेवटी एके दिवशी मामांनी विचारलं, “अगं, पण मी केलं काय?”

मामी म्हणाल्या, “केलं काहीच नाहीत. घोड्याचं काय झालं, तेवढं कधी सांगितलं नाहीत.” आणि फोन ठेवला.

हे मामांनीच मला सांगितलं. मी समजूतदार चेहरा करून “थट्टा केली असेल” म्हणालो. माझा समजूतदार चेहरा आमच्या घरात कोणालाही आवडत नाही, पण माझ्याकडे दुसरा नाही.

“थट्टा नाही,” मामा म्हणाले, आणि मग तुटक तुटक उरलेलं सांगितलं.

तेव्हा ते कसबा पेठेत दोन खोल्यांत राहत. मामांना तलवारीच्या सिनेमांचं वेड. पगार झाला की मामींना घेऊन निघायचे. मांडीवर पोर असायचंच. आधी विद्या, मग तिचा भाऊ. आणि आमची मीना, म्हणजे माझी बायको, मामांची भाची, तर मधून मधून नव्हे, कायमचीच, कारण तिची आई नोकरीवर आणि पोर मामीच्या पदरात. मध्यंतरापर्यंत सिनेमात गाणी असतात, बागा असतात. पोरं शांत राहतात. मध्यंतरानंतर लढाई लागते. नगारे वाजले, की मांडीवरचं पोर टाहो फोडायचं. मागच्या रांगेतून कोणीतरी सुसंस्कृत पुणेकर म्हणायचा, “बाई, मुलाला इतिहासाची आवड दिसत नाही.” मामी उठून पोर खांद्यावर टाकून बाहेर जायच्या आणि सिनेमा संपेपर्यंत बाहेरच्या व्हरांड्यात, जाहिरातीच्या चित्रांसमोर, थोपटत उभ्या राहायच्या. आतून नगारे ऐकू यायचे.

परत चालत येताना त्या विचारायच्या, “पुढं काय झालं?”

मामा सांगायचे, “जिंकला.”

“आणि घोडा?”

“घोड्याला काय धाड भरलीय? चल लवकर, भूक लागलीय.”

“प्रत्येक वेळी विचारायची,” मामा मला म्हणाले. “मग कधीतरी विचारायचं बंद केलं. केव्हा, ते काही माझ्या लक्षात आलं नाही.”

यावर दुसऱ्या कोणीही सदाशिव पेठेची रिक्षा पकडली असती. पण मामा पडले हेडक्लार्क. त्यांनी या प्रकरणाकडे कचेरीच्या डोळ्यांनी पाहिलं. वरून शंका आलेली आहे. शंकेचा खुलासा सादर केला, की प्रकरण निकालात निघतं आणि माणूस मूळ जागी रुजू होतो. पहिला अर्धा भाग तिनं पाहिलेलाच आहे. तपासायचा तो दुसरा. तेव्हापासून ते मध्यंतरापासून सिनेमे बघतायत. जुने सिनेमे शोधायचं आणि मोबाइलवरून टीव्हीवर कसे आणायचे ते शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते इतक्या उत्साहानं केलं, की एकदा विद्याच मला म्हणाली, “भाऊजी, तुम्ही बाबांना सिनेमे दाखवताय की इकडे यायचं टाळायला मदत करताय?” मी समजूतदार चेहरा केला.

परवाच्या रविवारी सकाळी मामांचा फोन आला. आवाज कापत होता. मला वाटलं, पडले बिडले.

“जावईबापू, सापडला!”

लोखंडी कपड्यांचा सिनेमा होता, त्यांनी तरुणपणी मामींबरोबर पाहिलेला. शेवटच्या मिरवणुकीत, घंटा वाजत असतात, सरदारांनी डोक्यावरच्या बादल्या काढलेल्या असतात, आणि पडद्याच्या कोपऱ्यात, पाववाल्याच्या गाडीशेजारी, क्षणभर एक तपकिरी घोडा दिसतो. कपाळावर पांढरा टिळा. मी धावत पोचलो, तेव्हा मामांनी तेवढाच तुकडा माझ्या मोबाइलमध्ये घालून घेतला.

“तुम्ही आणि मीना जा. दाखवा तिला. म्हणावं, सुखरूप आहे. गावात आला, पाववाल्यानं सांभाळला.”

“मामा, तुम्हीच चला ना.”

“मी गेलो तर ती चहा करेल आणि हवापाण्याचं बोलेल. मला आता हवापाण्याचं ऐकवत नाही.” मग म्हणाले, “आणि विचारा, कधी येतेस. सहज. दाखवून झाल्यावर.”

तर अशा रीतीनं, पन्नाशी ओलांडलेला, केस काळे करणारा एक गृहस्थ, रविवारी दुपारी बायकोला स्कूटरवर मागं बसवून, खिशात घोडा घेऊन सदाशिव पेठेत निघाला.

मामी पावटे सोलत बसल्या होत्या. गुडघा ठणठणीत दिसत होता. चेहरा त्याहून.

“काय पाठवलंय त्यांनी?” माझा खिशावरचा अवघडलेला हात बघून त्यांनी विचारलं.

“घोडा,” मी म्हणालो.

मामींनी हात पदराला पुसले, चष्मा लावला, मोबाइल हातात घेतला. घंटा वाजल्या, मिरवणूक गेली, घोडा आला आणि गेला.

“परत लावा.”

मी परत लावलं. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि परत दिला.

“हा तो नाही.”

“मामी, मामा म्हणत होते—”

“त्याचा पुढचा डावा पाय पांढरा होता. मोजा घातल्यासारखा. ह्याचे चारही पाय सारखे आहेत.”

“इतक्या वर्षांनी तुम्हाला पाय आठवतो?”

“मला शेवटचा तोच दिसायचा ना. मग वडे खाऊन झाले की ही सुरू व्हायची.” त्यांनी मीनाकडे हनुवटीनं खूण केली.

मीना एवढीशी झाली. मग एकदम म्हणाली, “पण मामी, तुझ्या गोष्टीत तर राणी घेऊन जायची घोडा.”

ही गोष्ट मलाही पाठ आहे. मीनानं आमच्या मुलांना झोपवताना ती सांगितलेली आहे. मी ती कुठलीतरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजत होतो. किल्ल्यात लढाई चाललेली असते. सगळे आत. राणी मागच्या दिंडीदरवाज्यानं पाण्याची बादली घेऊन बाहेर पडते. बादली अशासाठी, की कोणी हटकलं तर काम आहे म्हणून सांगता यावं. कोणी हटकत नाही. ती घोड्याला पाणी पाजते, दोर सोडते, खोगिरावर बसते आणि नदी ओलांडते.

“ती तू केलेली गोष्ट होती?” मीनानं विचारलं.

“मग काय करणार? तुम्ही पोरं झोपताना विचारायचात, घोड्याचं काय झालं. आणि ह्यांना विचारावं तर ह्यांना भूक लागलेली.” मामी हसल्या. “काहीतरी सांगायला तर हवं.”

“आणि नदी ओलांडल्यावर?” मी विचारलं.

“तेवढ्यात तुमची बायको झोपायची.”

“आणि राजा?”

हे मी का विचारलं, देव जाणे. मामींनी एक शेंग मोडली, दाणे ताटलीत टाकले.

“तो जिंकला होता की. त्याला काय कमी होतं?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती. ‘कधी येताय’ हे सहज विचारायचं राहिलं ते राहिलंच. जिन्याशी आल्यावर मी एवढंच म्हणालो, “मामी, मामांना काय सांगू?”

“सांगा,” मामी म्हणाल्या, “जिंकलात म्हणावं.”

मीना घरापाशी स्कूटरवरून उतरली आणि म्हणाली, “तू जा त्यांच्याकडे. मला आत्ता मामाकडे बघवणार नाही.”

मामांनी बेल वाजण्याआधीच दार उघडलं. नुकती दाढी केलेली होती. रविवारी ते दाढी करत नाहीत.

“काय म्हणाली?”

“हा तो घोडा नाही म्हणाल्या. त्याचा पुढचा डावा पाय पांढरा होता. मोजा घातल्यासारखा.”

मला वाटलं, आता वाद घालतील. मामा खुर्चीचा हात धरून सावकाश बसले.

“तिला पाय आठवतो,” ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “शेजारच्या खुर्चीत होतो मी. मला तलवारीची मूठ आठवते.”

मी मोबाइल खिशात ठेवला.

“आणखी काय म्हणाली?”

उरलेलं मी गिळलं. “काही नाही. पावटे सोलत होत्या.”

“उसळ करणार असेल. मला आवडते.” मामांचा चेहरा क्षणभर उजळला आणि तसाच विझला. “तिला आवडते का, ते मात्र मला सांगता यायचं नाही.”

मग त्यांनी रिमोट उचलला आणि तोच सिनेमा लावला. पहिल्यापासून. मी त्यांना सिनेमा पहिल्यापासून बघताना कधी पाहिलं नव्हतं. बागा आल्या, गाणी आली, मेजवानी आली. मामा पुढं वाकून बघत होते, पण नायकाकडे नाही. त्याच्या गुडघ्यांच्या खाली. दिवेलागणीला नायक किल्ल्याशी पोचला. मामांनी चित्र थांबवलं, उठले आणि टीव्हीच्या काचेशी जाऊन उभे राहिले.

“आहे,” ते हळूच म्हणाले. “पांढरा आहे.”

पुन्हा सुरू केलं. नायकानं घोडा बांधला, मानेवर थाप मारली, दोर टाकला, चढून गेला. मामांनी रिमोट माझ्या हातात दिला, गॅलरीचं दार उघडलं, बाहेर गेले आणि दार मागं ओढून घेतलं.

“अहो मामा, पुढचा भाग लागतोय!”

“आपण बघा,” काचेपलीकडून त्यांचा आवाज आला. “मी आहे इथं.”

आत नगारे सुरू झाले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. वाळत घातलेल्या एकुलत्या एका पंचाशेजारी उभे होते, हात कठड्यावर. तो हात हळूहळू वर-खाली होत होता, कोणाला तरी थोपटल्यासारखा.

आता खरं सांगायचं, तर सिनेमा चांगला होता. जिन्यावरची तलवारबाजी काय, मशालींच्या उजेडात कोसळणारा पूल काय, मी रंगून गेलो. सरदार बुरुजावरून पडला तेव्हा मी मांडीवर थाप मारली. घंटा वाजल्या, मुकुट चढला. अंधारून आलं होतं. मी टीव्ही बंद केला आणि गॅलरीचं दार उघडलं.

“संपला, मामा.”

मामा वळले. इतका वेळ उभं राहून त्यांचे पाय अवघडले असावेत. कठडा धरूनच वळले.

“पुढं काय झालं?” त्यांनी विचारलं.

“जिंकला,” मी म्हणून गेलो.

मामांनी मान हलवली. खाली रस्त्यावर रविवारची गर्दी हॉर्न वाजवत घरी परतत होती. ते माझ्याकडे बघत राहिले, अगदी आशेनं.

“आणि घोडा?”

मी पाहिलंच नव्हतं.